जिन्याचं वळण

प्रिय सुमन,

उद्या सकाळी ढोकीचे मास्तर आपली बिल्डिंग दुसऱ्यांदा बघायला येणार आहेत. पसंत पडली तर इसार देतील. म्हणून आजच तुला लिहायला बसलो. तुझ्याशिवाय कुणाला विचारू?

पहिल्या खेपेला ते टेप घेऊन आले. खोली न् खोली मोजली, बोअरचं पाणी चाखलं, गच्चीवर एकटेच जाऊन बादली ओतून उतार बघितला. सगळं माझ्यासारखंच गं! खाली पार्किंग मोजताना म्हणाले, "अण्णा, दुसरं टोक धरता का जरा?" धरलं.

आपण ही बिल्डिंग घेताना ते टोक तू धरलं होतंस. सातवी शिकलेला मी, पुस्तकं वाचून बांधकाम शिकलो, इंजिनिअरची चूक काढली म्हणून केवढा मिरवलो! सहा फ्लॅट, एकही रिकामा राहणार नाही, असं छातीठोक सांगितलं. राहिलाही नाही. तू मात्र जिन्यात थांबलीस.

"अवो, हितं लोखंडी कपाट कसं वळायचं?"

"कपाटासाठी बिल्डिंग घेतोय का मी? गप टेप धर."

शेवटी कपाट दोर लावून गॅलरीतून वर घेतलं. तू खाली उभी राहून हसत होतीस, "म्हातारी झाले की मलाबी असंच उतरवा!"

म्हातारी कुठं झालीस? त्या दुपारी छातीत कळ आली आणि स्ट्रेचर त्याच वळणावर अडकलं. दोन फूट सात इंच. नंतर मोजलं मी, सुमन. नंतर! तुला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून उतरवताना तुझी मान माझ्या खांद्यावर पडली. डॉक्टर म्हणतात, तेवढ्या उशिरानं फरक पडला नसता. मला पटत नाही. आणि तू तरी हट्ट का नाही धरलास? भांडायचं होतंस की माझ्याशी!

आता त्या वळणावरून मला वर जाववत नाही. खाली पार्किंगमध्ये खाट टाकली आहे.

"एवढी चांगली बिल्डिंग विकताय का?" मास्तरांनी विचारलं. "गावाकडं जायचंय," एवढंच म्हणालो. तर म्हणतात, "आईला वरच्या फ्लॅटमध्ये ठेवतो. लई चांगलं वारं लागतंय."

मी गप्प बसलो. तुझी शपथ, गप्प बसलो!

दुसरं गिऱ्हाईक येईल न येईल. कदाचित याच खाटेवर संपेन. पण शब्द देतो: उद्या आधी जिना दाखवीन. त्या वळणावर टेपचं टोक मी धरीन आणि आकडा मास्तरांना मोठ्यानं वाचायला लावीन.

तुझं तेव्हा न ऐकलेला,
दत्तात्रय