आरशात दिसलीस

अण्णा,

तुम्हाला लिहायचं अकरा वर्षं टाळलं. आधी वाटायचं, गेलेल्या माणसाला काय लिहायचं. मग वाटलं, लिहायला घेतलं तर नुसत्या शिव्याच लिहून होतील. आणि मधली चार-पाच वर्षं मी एका जागी बसलेच नाही, त्यामुळे तो प्रश्नच आला नाही. आज बसलेय ती नाइलाजानं. सदाशिव पेठेत एका शाळेसमोर चहाचं दुकान आहे, त्याच्या बाहेरच्या बाकड्यावर. सव्वानऊ झालेत, अकराला माझा पेपर आहे. हो, पेपर. दहावीचा, गणिताचा. हसायचं तर हसून घ्या. बाहेरून बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरला, घरी कोणाला सांगितलं नाही, भाषांचे पेपर गुपचूप देऊन झाले. मघाशी इथे एका मुलाच्या आईनं मला विचारलं, तुमच्या मुलाचा नंबर कुठल्या वर्गात आलाय. मी म्हटलं, माझाच आहे. त्या नुसतं "बरंय" म्हणाल्या आणि पिशवी उचलून पलीकडच्या बाकड्यावर जाऊन बसल्या.

पेपर का देतेय ते सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल तुमच्यासाठी. कोथरूडमधल्या एका शाळेला मुलांना सायकल आणि रस्त्यावरचे नियम शिकवायला माणूस हवंय. मी रविवारी सकाळी हिंजवडीच्या नोकरदारांना सायकलवरून पेठांमध्ये नाश्त्याला फिरवते. कुठे उपीट चांगलं, कुठली मिसळ नुसतीच तिखट, कुठे मालक सुटे नाहीत म्हणून अंगावर येतो, हे सगळं मला पाठ आहे. तिथल्या मुख्याध्यापक बाई एकदा आमच्याबरोबर आल्या होत्या, नवख्यांना मी गर्दीत सायकल चालवायला शिकवते ते त्यांना आवडलं. शिक्षण किती, असं विचारल्यावर मी म्हटलं, नववी पास. त्या म्हणाल्या, दहावीचा कागद आणा, जूनपर्यंत जागा धरून ठेवते. एवढी वर्षं एका जागी न टिकलेल्या मला ही एक जागा मनापासून हवी आहे. पण मला मी माहिती आहे. सायकल समोर लावलीय ती कुलूप न लावता, तोंड रस्त्याकडे करून. टांग टाकली की पाच मिनिटांत मी नदीपलीकडे असेन.

त्या दिवशीचं बोलू. चौदा वर्षांपूर्वीची अशीच सकाळ, हाच विषय. तुम्ही पहाटेच कामावर गेलेले. कोथरूड डेपो ते स्टेशन अशा फेऱ्या तुमच्याकडे होत्या आणि साडेनऊच्या सुमाराची बस तुमचीच, हे मला माहीत होतं. मी घरातून वेळेवर निघालेय, पण वाटेत चपलेचा अंगठा तुटतो. मी कोपऱ्यावर येते तर बस स्टॉपवर उभी. तुमची बस मी मागून ओळखायचे, मागच्या काचेवर कोणीतरी खिळ्यानं बदाम काढला होता. मी पळते. पॅड वर धरून पळते. मागच्या दारातून कंडक्टरकाका मला बघतात आणि एक घंटा देतात, म्हणजे थांबा. बस हळूहळू सुटते. ते पुन्हा एक घंटा देतात. तेव्हा मला तुमच्या बाजूच्या आरशात तुमचं तोंड दिसतं, मिशी, गळ्यातला रुमाल, सगळं. मला तुमचं तोंड दिसलं म्हणजे तुम्हाला माझं दिसलंच असणार, एवढी भूमिती मला तेव्हाही येत होती. तुम्ही गिअर टाकलात. पुढची बस पंचवीस मिनिटांनी आली, ती नळ स्टॉपला तासभर अडकली, आणि मी शाळेपाशी पोचले तेव्हा फाटक लावलेलं होतं. वॉचमन म्हणाला, नियम आहे बाळ. नियम हा शब्द त्या दिवशी मी दोनदा ऐकला.

दुसऱ्यांदा संध्याकाळी, आपल्या स्वयंपाकघरात. आई भाकरी थापत होती, तुम्ही पाटावर. मला वाटलं होतं तुम्ही म्हणाल, दिसली नाहीस गं. तसं म्हटलं असतंत तर खोटं आहे हे कळूनसुद्धा मी मानलं असतं. तुम्ही घास मोडत म्हणालात, "आरशात दिसलीस."

मी विचारलं, "मग?"

"स्टॉपवर न्हवतीस. बस सगळ्यांची हाय, नियम सगळ्यांना."

आईचा हात तसाच थांबला आणि तव्यावरची भाकरी करपायला लागली. तुम्ही तिला म्हणालात, कांदा फोड. बस, एवढंच. त्यानंतर माझ्या दहावीबद्दल त्या घरात कोणी मोठ्यानं बोललं नाही.

तुमचं हे स्टॉपचं खूळ डेपोभर माहीत होतं. पुण्यात बस स्टॉपच्या अलीकडे थांबते किंवा पलीकडे, आणि म्हातारी माणसं पिशव्या सांभाळत तिच्यामागे पळतात. तुमचं पुढचं दार बरोबर खांबासमोर उघडायचं. बाया म्हणायच्या, ही त्यांची बस, हिच्यामागे पळायला लागत नाही. मला एकटीलाच पळायला लागलं. आता तर तुम्हाला शोधूनही स्टॉप सापडले नसते. कर्वे रस्त्यावर डोक्यावरून मेट्रो जाते, नळ स्टॉपला पूल झालाय, स्टॉप आज इथे तर उद्या तिथे. विजेवरच्या बस आल्यात, त्या आवाज न करता येऊन मागे उभ्या राहतात. सायकलींसाठी वेगळा लाल पट्टा आखलाय, त्यावर स्कूटर लावतात आणि संध्याकाळी पाणीपुरीवाला उभा राहतो. त्याच्याकडचं पाणी मात्र चांगलं असतं, पुदिना ताजा, गूळ बेताचा. मी त्याच्याशी भांडायला म्हणून थांबले होते आणि दोन प्लेट खाऊन निघाले. असं होतं माझं. कुठून कुठे गेले.

सायकल. पेपर बुडाला त्याच्या पंधरा दिवसांनी तुम्ही शनिवार पेठेतून एक जुनी लेडीज सायकल आणलीत. कंडक्टरकाकांच्या वाड्यातल्या कोणाची तरी होती. अंगणात उभी केलीत, घंटी वाजवून बघितलीत आणि म्हणालात, "आता बसची वाट बघाया नगं." लोकांचे वडील माफी मागायला जमलं नाही तर निदान गप्प बसतात. तुम्ही टोमणा दोन चाकांवर बसवून घरी आणलात. मी ती घेतली. त्या दिवसापासून मी एकदाही बसमध्ये चढलेले नाही. तुम्ही गेलात, तीन दिवसांच्या तापात, तेव्हा डेपोची सगळी माणसं वैकुंठ स्मशानात बसनं आली. मी सायकलवर आले. नातेवाइकांनी नावं ठेवली. ठेवू देत.

आता ऑक्टोबरच्या फेरपरीक्षेचं. फॉर्म तुम्हीच भरून आणला होतात. मी सकाळी पॅड घेऊन सायकलवर निघाले, याच रस्त्यानं आले, याच शाळेसमोरून न थांबता पुढे गेले आणि थेट खडकवासल्याला पोचले. धरणाच्या भिंतीशी बसून कणीस खाल्लं, गरम भजी खाल्ली आणि पेपर सुटायच्या वेळेला धरून परत आले. तुम्ही दारात होतात. "कसा गेला?" म्हणालात. मी म्हटलं, सोपा होता. तुम्ही म्हणालात, "बरं." निकाल लागला तेव्हा तुम्ही कागद बघायलासुद्धा मागितला नाहीत. मला वाटलं, चला, फसले. तीन वर्षं मी त्या समजुतीत होते, तुमच्यासमोर ताठ मानेनं जेवत होते.

तुमच्या दहाव्याला नदीवर कंडक्टरकाका माझ्याशेजारी येऊन उभे राहिले. ते शनिवार पेठेतले, बोलणं मोजकं आणि कोरडं. म्हणाले, तुझ्या बापानं सगळ्या नोकरीत स्वतःहून एकच रजा मागितली, ती तुझ्या ऑक्टोबरच्या पेपरला. दहा वाजल्यापासून फाटकासमोरच्या झाडाखाली उभा होता. तुला आत जाताना बघायचं होतं. दिसली नाहीस तर म्हणाला, गर्दीत चुकली असेल. मग पेपर सुटेपर्यंत तिथेच उभा राहिला. पोरं बाहेर आली, ती पांगली, वॉचमननं फाटकाला कुलूप घातलं. मग माझ्याकडे आला, चहा प्यायला, कपात बघत बसला आणि घरी गेला. काकांना वाटलं असणार, हे ऐकून मी रडेन. आई मागेच होती, ती रडली. मला इतका संताप आला, की मी सायकल काढली आणि पुढची दोन वर्षं घरी परत आले नाही. कोकणात राहिले, मग गोव्यात, मग कुठे कुठे.

तो संताप अजून तसाच आहे, म्हणून तर लिहितेय. तुम्ही घरी येऊन मला दोन थोबाडीत का नाही मारल्यात? खोटारडी म्हणायचं होतं. ओढत मार्चच्या परीक्षेला आणून बसवायचं होतं. मी आले असते अण्णा, मी सतरा वर्षांचीसुद्धा नव्हते. तुम्हाला माहीत होतं मी खोटं बोलतेय आणि तुम्ही "बरं" म्हणालात. पुन्हा तेच केलंत. मी आरशात दिसले आणि तुम्ही गाडी पुढे काढलीत. पहिल्या वेळी तुमच्याकडे नियम तरी होता. दुसऱ्या वेळी काय होतं? लोक म्हणतात, अपराधी वाटलं असेल त्यांना, त्यामुळे जीभ उचलली नसेल. वाटलं असेल. ते तुमच्याजवळ ठेवून तुम्ही गेलात, मला त्यातलं काही मिळालं नाही. मला एक जुनी सायकल मिळाली.

दहा वाजले. फाटकापाशी पोरं जमायला लागलीत. एकजण हातवारे करत दुसऱ्याला सूत्र म्हणून दाखवतोय आणि ते चुकीचं आहे, हे मला कळलं, म्हणजे थोडंफार येत असावं. तरी मघापासून दोनदा उठून सायकलपाशी जाऊन आले. सीट पुसली. हवा बघितली. सकाळपासून मी काही खाल्लेलं नाही. चौकातल्या गाडीवर पोहे ताजे झालेत, इथपर्यंत वास येतोय, पण आज ते मला चालायचे नाहीत. का, तेही लिहून टाकते, कारण हा कागद कुठे जाणार नाहीये.

चपलेचा अंगठा तुटला नव्हता. तो मी नंतर, फाटक लागलेलं बघितल्यावर, याच रस्त्यावर बसून हातानं तोडला. त्या सकाळी मी वेळेवर निघाले आणि कोपऱ्यावरच्या गाडीवर पोहे खायला थांबले. एक प्लेट झाली, मग दुसरी सांगितली, वर लिंबू मागून घेतलं. बस स्टॉपला लागलेली मला तिथूनच दिसत होती. गाडीवाला म्हणालासुद्धा, ताई, तुमची बस. मी म्हटलं, घरचीच आहे, थांबेल. सगळी कॉलनी तुमच्या बसवरून घड्याळ लावायची आणि तुमच्याच पोरीला वाटलं, बापाची बस आपल्या पोह्यांसाठी थांबेल. हे मी आईला सांगितलं नाही, कोणालाच नाही. याचा अर्थ तुम्ही सुटलात असा नाही. थांबायला हवं होतंत. पन्नास पावलं होती.

लिहिता लिहिता समोर बस थांबली आणि तिच्यातून कंडक्टरकाका उतरले. मी डोळे चोळून बघितलं. केस पांढरे झालेत, खांद्याला पिशवी तशीच. रस्ता ओलांडून आले, माझ्याकडे न बघता आधी सायकलीकडे बघितलं. म्हणाले, "हिचं तोंड रस्त्याकडे का?" मी विचारलं, काका, तुम्ही इथे कसे. तर म्हणे, तुझ्या आईला परवा हॉलतिकीट सापडलं, तिनं बघून परत तिथेच ठेवलं आणि मला फोन केला, हॉलतिकीट तांदळाच्या डब्यात ठेवतात का कोणी. मग बाकड्याच्या टोकाला बसले, पिशवी मांडीवर घेतली आणि म्हणाले, "तू बाहेर येईपर्यंत मी इथेच आहे. सावकाश लिही. मला रिटायर होऊन सात वर्षं झालीत." त्यानंतर खाल्लंस का, असं विचारलं. मी नाही म्हटलं, तर उठून चौकातल्या गाडीकडे गेलेत. इथून दिसतायत, पोहे सांगतायत, आणि तिथूनच मला हातानं खूण करून विचारतायत, लिंबू?

लिहिलेला कागद आत न्यायची परवानगी नाही. हा सीटखाली घडी करून कोंबते. सायकल फिरवून भिंतीकडे तोंड करून ठेवते, कुलूप लावते आणि किल्ली काकांकडे देते.