नावेमागची साखळी

जॉन डे नदीकाठ, ऑरेगन
१४ जून

प्रिय बाबा,

मी मजेत आहे आणि दोन्ही वेळ नीट जेवतो, हे आधी आईला वाचून दाखवा.

आज माझ्या नावेत मासेमारीच्या अर्ध्या दिवसाच्या फेरीला मिसेस प्रुएट नावाच्या निवृत्त शिक्षिका होत्या. बास मासा त्यांनी आजवर कधी धरला नव्हता. नाव प्रवाहात हळू जावी म्हणून मी मागे साखळी सोडली. ती दगडांवरून खडखडायला लागली तशा बाई म्हणाल्या, "अहो, या आवाजानं मासे पळतील की!"

मी तुमचंच उत्तर दिलं, "पळणारे पळू देत, बाई. आपलं काम उरलेल्यांशी."

त्या हसण्यात इतक्या गुंगल्या की गळाला ओढ लागलेली कळलीच नाही. चांगला हातभर बास निघाला. माशाला इजा होऊ नये म्हणून तुम्ही करता तसे आधी हात ओले करून मी तो धरला, त्यांना दाखवला आणि सोडून दिला.

तो खडखडाट ऐकला की मी पुन्हा दहा वर्षांचा होतो. आपल्या ग्रीनब्रायर नदीवर धुकं असतं, तुम्ही वल्ह्यांवर आणि मी पुढे.

चक्कर येणं थांबलं का? तुमची नावेची साखळी हरवल्यापासून तुम्ही शेजारच्या हार्लनकाकांशी बोलत नाही, असं आईनं लिहिलंय. बोला त्यांच्याशी. त्यांनी ती नेलेली नाही. साखळीशिवाय तुम्ही नाव पाण्यात घालत नाही, हे मला ठाऊक होतं. चक्कर येत असताना तुम्ही एकटे नदीवर जाऊ नये, म्हणून निघताना मीच ती गाडीत टाकली.

ऑक्टोबरात ती घेऊन येतो. काय रागवायचं ते नावेत बसून रागवा. वल्ही मी मारीन.

तुमचा चोर,
टकर