बावन्न किलोंची आर्या

पुणे, ३ नोव्हेंबर

चि. आर्यास शैलजामावशीचे अ. उ. आशीर्वाद.

फोन तू उचलत नाहीस, म्हणून हा कागद. हृषीकेशच्या घरी तुझा बायोडाटा पाठवला. तुझ्या आईने उंची पाच-तीन आणि वजन चौऱ्याहत्तर कळवलं होतं. इंटरनेटवर फुकटचा कॅल्क्युलेटर असतो, त्यात घालून पाहिलं तर लाल अक्षरांत ‘स्थूल’! माझ्या काळजाचं पाणी झालं. त्याच पानावर आदर्श वजन बावन्न निघालं, तेच बायोडाट्यात लिहून टाकलं. संशोधनावर आधारलेलं आहे, म्हणजे अगदीच खोटं नाही.

मंडळी महिनाअखेर इंदूरला येतील. तोवर ते लोखंड उचलणं बंद आणि सकाळची पोहे-जिलबीही बंद. एवढं चांगलं स्थळ हातचं घालवू नकोस.

लोभ आहेच, तो टिकव म्हणजे झालं.

तुझी मावशी

इंदूर, ९ नोव्हेंबर

ती. शैलजामावशीस आर्याचा सा. न. वि. वि.

महिन्याभरात बावीस किलो? एक पाय काढून ठेवू का? अगं, महिनाअखेर इथेच आमची वेटलिफ्टिंगची राज्य स्पर्धा आहे. वजन उतरलं तर माझा वजनगट जाईल, ताकद जाईल. पोलोग्राउंडच्या त्या तापलेल्या शेडमध्ये इतकी वर्षं घाम गाळला, तो काय बावन्न व्हायला?

कॅल्क्युलेटरवर माझा राग नाही. प्रोटीन किती लागेल ते मीही त्यावरच बघते. पण मी खालचा मजकूरही वाचते. हा हिशेब चरबी आणि स्नायू वेगळे ओळखत नाही, असं तिथेच लिहिलंय. आणि तुझं ते आदर्श वजनाचं सूत्र मुळात औषधाचा डोस ठरवायला काढलेलं, लग्न ठरवायला नव्हे! कोचभियांना सांगितलं तर हसून म्हणाले की बावन्न तर ही वॉर्मअपमेंच उठा लेती है.

आता रागावशील. हृषीकेशच्या घरी मी खरा बायोडाटा पाठवलाय. वजन चौऱ्याहत्तर, ठळक अक्षरांत. स्थळ गेलं तर जाऊ दे. खोटं वजन सांगून मी कुणाचं माप ओलांडणार नाही.

तुझा लोभ मात्र हवाच.

तुझी आर्या

पुणे, १८ नोव्हेंबर

चि. आर्यास अ. उ. आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून दोन दिवस नुसती धुमसत होते. मग हृषीकेशच्या आईंचा फोन आला. त्यांना नाजूक सून हवी. तू वजन उतरवून खेळ सोडणार असशील तरच पुढे बोलू म्हणाल्या. हो म्हणायला मी तोंड उघडलं आणि निघालं भलतंच. त्यांना सांगितलं की बावन्नचा आकडा माझा होता, त्याची माफी मागते. चौऱ्याहत्तर आमच्या मुलीचे आहेत, त्यातला एक ग्रामही कमी होणार नाही.

स्थळ गेलं ते गेलंच. तुझ्या आईला तूच सांग, माझी छाती नाही.

लोभ होता त्याहून वाढलाय.

तुझी मावशी

ता. क. स्पर्धेला येते आहे, तिकीट काढलं. खेळाडूंचं वजन करतात तिथे मावशीला सोडत नसतील तर मी दाराबाहेर उभी राहीन. तुझा आकडा जरा मोठ्याने वाचायला सांग.