तेल तेलात फुटत नाही

माय, आज बारावीला पुन्हा तुझी तर्री शिकवली. पेशी एकमेकींना निरोप कसा देतात, तो धडा. निरोपाचं रसायन इवल्याशा पिशव्यांत भरलेलं असतं. पिशवी पेशीच्या कडेला येऊन टेकते, तिचं आवरण पेशीच्या आवरणात मिसळतं आणि आतलं रसायन बाहेर पडतं. "मिसळतं" हा शब्द मी फळ्यावर मोठा लिहिते, मग वाटीतल्या पाण्यावर तेलाचे दोन थेंब सोडून तुझ्या पळीने जवळ आणते. मुलं माघारी मला तर्रीवाली मॅडम म्हणतात.

मी स्वतः हा धडा शिकत होते तेव्हाचं आठवतं. बोरी अरबला स्टँडजवळ आपली पोह्यांची गाडी. बाजाराचा दिवस आहे, तू चण्याचा रस्सा ढवळते आहेस आणि मी कांदा चिरता चिरता घोकते आहे, "पिशवी कडेला येते आणि फुटते." तू विचारलंस, "फुटली त पेशीले भोक नाई पडन काय वं?" मी फणकारले, "तुले काय समजते त्यातलं! पुस्तकात हाये." पुस्तकात नव्हतंच. मीच घाईत चुकीचं उतरवलं होतं. तू रागावली नाहीस. पळीने रश्श्यावर तरंगणाऱ्या तर्रीतला तेलाचा एक थेंब दुसऱ्याजवळ नेलास. दोन्ही जरा टेकून राहिले आणि एक झाले. "पाह्य, तेल तेलात फुटत नाई, मिसळते. चिर आता कांदा, गिऱ्हाईक उभं हाये." दोन्ही आवरणं चरबीचीच असतात, हे तुला कुणी सांगितलं होतं? तू तर चौथीतच शाळा सोडलेली.

दुसऱ्या दिवशी सरांनी नेमकं तेच विचारलं. सगळे "फुटते" म्हणाले, मी थेंबांचं सांगितलं. सर खूश. "कोणी शिकवलं?" मागच्या बाकावर आपल्याकडे पोहे खाणारी पोरं होती. मला लाज वाटली, माय. "मलेच सुचलं, सर," म्हणाले. संध्याकाळी तू विचारलंस, "काय म्हणे सर?" मी म्हटलं, "काई नाई."

आज वर्गात तरी खरं सांगायचं, असं ठरवून गेले होते. एका मुलीने विचारलंही, "मॅडम, हे तुमाले कसं सुचलं?" तू अगदी ओठांशी येऊन टेकली होतीस. मी म्हणाले, "असंच, सैपाक करता करता."

हा कागदही कुणाला न दाखवता प्रॅक्टिकलच्या वहीत ठेवते आहे. सैपाक मला अजूनही धड येत नाही, माय.