पानांचा बोभाटा

भावोजींना आधी सांग, देवळाच्या पायरीवर बसून चारचौघांत "लिएनमेईच्या मळ्यात यंदा तुडतुडा औषधालाही सापडत नाही" असं बोलणं शोभत नाही. कुणाच्या मळ्याबद्दल असं बोलायचं तर तिच्या तोंडावर बोलावं, म्हणजे तिलाही चार शब्द परत करता येतात. मी तेव्हा आतच उदबत्ती लावत होते. मी ऐकलं, देवानंही ऐकलं.

आता नमस्कार. ती. छिनमेईताईस धाकट्या बहिणीचा वाकून नमस्कार. (गुडघा वाकू देत नाही, पण कागदावर वाकले असं धर.) तुझी नवी कवळी बसली का? मागल्या वेळी ती तू पदार्थापेक्षा ताटातच जास्त ठेवत होतीस. भावोजींचा खोकला कसा आहे? तो तसाच राहो असं मी म्हणत नाही, पण देवळात बोलताना नेमका येत जावा. आमच्याकडे सगळे खुशाल. ताचिनचं पोट सुटलंय आणि बुद्धी होती तेवढीच आहे. माझा मुलगा आहे, म्हणून मीच बोलते. तू बोलू नकोस.

त्याच ताचिनच्या डोक्यात मोटारी शिरल्यात. रविवारी शहरातली माणसं आपल्या पेइपू गावच्या जुन्या गल्लीत खायला येतात, त्यांना गाड्या उभ्या करायला जागा नसते, म्हणून माझा ओढ्याकाठचा चहाचा मळा सपाट करून त्यावर सिमेंट ओतायचं. मी म्हटलं, माझ्या अंगावर ओत आधी. त्यावर तो म्हणाला, "आई, भांडू नकोस. यंदाच्या चहाला मधाचा वास आला तर मळा तुझा. नाही आला तर होड्यांचा सण झाला की झुडपं उपटायची." मी सगळ्यांसमोर हो म्हटलं. (हो म्हणून वर हेही म्हटलं की यंदा गावातला पहिला नंबर माझाच. आपल्या चहाचं नावच मुळी बढाईचा चहा, तो गप्प बसून कसा करायचा?) मला काय ठाऊक पुढे काय वाढून ठेवलंय! तुडतुडे दर उन्हाळ्यात न बोलावता येतात, सासरच्या माणसांसारखे. ते कोवळा शेंडा चावतात, पान पिवळं पडून वाकडं होतं, परका माणूस बघून हळहळतो, आणि नेमक्या त्याच पानाला भट्टीत मधाचा वास सुटतो. म्हणून तर आपण फवारत नाही आणि सगळे आपल्याला आळशी म्हणतात.

मधेच युश्वान आली. ताचिनची धाकटी, विद्यापीठात पानं चावली की काय होतं ते शिकते. (एवढी वर्षं फी भरून हे. मी तिसरीत शाळा सोडली आणि जन्मभर चावलेली पानंच बघितली, पण तिला चष्माही लागला, तेव्हा काहीतरी जास्त असणार.) ती म्हणते, पानात चरबी असते. माझी मला दिसते, पानाची कुठे दिसली नाही, पण असेल. पान फाटलं की त्या चरबीला हवा लागते, जसं आपलं डब्यातलं तेल खवट होतं तसं. फरक एवढाच की आपलं खवटलं की आपण नाक मुरडतो आणि पान त्यातून कामाच्या वस्तू करतं. गवत कापल्यावर येतो तो हिरवा वास त्यातलाच. आणखी एक वस्तू म्हणजे आरोळी, "चावले गं, चावले!" ती ऐकून अख्खं झुडूप सावध होतं, शेजारचंही कान टवकारतं, आणि मधाचा वास त्या धावपळीत तयार होतो. समुद्रातलं शेवाळही असलेच उद्योग करतं म्हणे. मी म्हटलं, म्हणजे ओरडल्याशिवाय कुणाचंच भागत नाही, मग मलाच का सगळे गप्प करता?

तर ती आरोळी तिनं एका बाटलीत भरून आणली होती. जाईच्या फुलासारखा वास, आणि बाटली माझ्या अंगठ्याएवढी. कोपऱ्यातल्या दोन झुडपांवर एकच थेंब पाण्यात कालवून मारून बघायचं, बाकी कशाला हात लावायचा नाही, असं मला बजावून ती परीक्षेला गेली. आता तूच सांग ताई, मळा पणाला लागलेला असताना थेंब थेंब कोण मोजतं? थेंबानं दोन झुडपं ओरडणार असतील तर बाटलीनं अख्खा मळा ओरडेल, हा हिशेब तिसरीतल्यालाही येतो. मी सगळी बाटली पंपात ओतली आणि ओढ्यापासून बांधापर्यंत मारली. पंप शेवटी संपला, म्हणून संडासामागची तीन झुडपं तेवढी राहिली.

मळा ओरडला, त्यात खोटं नाही. पण ती आरोळी मी एकटीनंच ऐकायची होती, असं थोडंच आहे! कुठून कुठून कोळी आले, डासाएवढ्या बारीक गांधीलमाश्या आल्या, आणि लागले तुडतुड्यांच्या मागे. चोर आले म्हणून पानांनी बोभाटा केला, शिपाई धावून आले, आणि आम्हाला तर चोरच हवे होते! चार दिवसांत मळा असा हिरवागार, असा टवटवीत, की बघून रडू यावं. येणारेजाणारे म्हणतात, वा आजी, काय पीक आहे! मी त्यांना पाणीसुद्धा विचारत नाही.

युश्वान परत आली, तिनं रिकामी बाटली बघितली आणि खालीच बसली. "आजी, ते औषध नव्हतं गं. ती हाक होती."

"मग हाक बाटलीत कशाला भरलीस? आणि भरलीस तर माझ्या घरात कशाला ठेवलीस?"

"मी दोनच झुडपं म्हटलं होतं."

"तू पुटपुटतेस. तुझ्या बापासारखी."

पोरगी हसली, मग रडली, मग जेवली. ताचिनला तिनं काही सांगितलं नाही, म्हणून ती माझी नात. ताचिन रोज संध्याकाळी मळ्यात टेप धरून उभा असतो. मी दिसले की टेप खिशात घालतो आणि ढगांकडे बघतो.

बाकी सर्व ठीक. काळजी करू नये. मला कुणाकडूनही काही नको.

तुझी लिएनमेई

ता. क. हवं ते एवढंच. आमचे तुडतुडे बांध ओलांडून तुमच्या मळ्यात गेलेत. युश्वाननं बघितलंय, तुमच्याकडे यंदा दुप्पट आहेत. ते आमचे आहेत. भावोजींनी पायरीवर दात काढण्याआधी हा विचार करायचा होता. मी आणि युश्वान सुनेची मच्छरदाणी घेऊन येतो, तुमच्या ओढ्याकडच्या गवतातून धरून नेतो. वास ओसरलाय, शिपाई परत गेलेत, सणाआधीच्या दुसऱ्या खुडणीला अजून वेळ आहे. तोवर ते गवत कापू नका.

ता. क. दुसरा. संडासामागच्या तीन झुडपांवर पंप पोचला नव्हता, तिथले शेंडे चावलेले निघाले. खुडून रात्रीच भाजले. मूठभर झाला, चिमूटभर सोबत पाठवलाय. मला मधाचा वास आला, युश्वानलाही आला, पण आम्हाला तो यायलाच हवा होता, म्हणून आमचं नाक हिशेबात धरायचं नाही. ताचिनही धरत नाही. तो म्हणतो, मावसोबा काय म्हणतात ते बघू. तुझ्या नवऱ्यानं आजवर माझ्या कुठल्याच गोष्टीला चांगलं म्हटलेलं नाही, हे पोराला पाठ आहे.

म्हणून उत्तर तू लिहायचं नाहीस, ताई. तू मायाळू आहेस, खोटं लिहिशील. पाणी उकळ, त्यांच्या हातात पेला दे, चहा कुणाचा ते सांगू नकोस, आणि ते काय म्हणतील ते त्यांच्याच हातानं, त्यांच्याच वाकड्या अक्षरात ताचिनच्या नावे लिहून घे. भावोजींनीच लिहायचं.