जॉबकार्डावरची रिकामी ओळ

३ नोव्हेंबर, सोमवार

दातारांची गाडी गॅरेजला आली. आणली बाबांनीच. एकोणीस वर्षं ते दादरला दातारांकडे ड्रायव्हर आहेत. पण मी शिवडीत कामाला लागल्यापासून त्यांनी आपण होऊन इथे पाय ठेवला नव्हता. चावी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "बघ." एवढंच.

एसी लावला की पट्टा किंचाळतो, रबर जळल्याचा वास. इंजिन बंद करून एसीच्या क्लचची पुढची प्लेट हाताने फिरवून पाहिली. जागची हलत नाही. कॉम्प्रेसर (पुढे कॉ.) जाम. गॅरेजचे मालक परबशेठ, त्यांना सांगितलं, बदलावाच लागेल.

बाबा सगळा वेळ उन्हात उभे. स्टूल दिलं तर बसले नाहीत. युनिफॉर्म चुरगळतो म्हणे.

४ नोव्हें.

दातारांचा मुलगा अमेय आला. माझ्याच वयाचा. लहानपणी त्याचे वापरलेले कंपास, वह्या माझ्याकडे यायच्या.

शेठना म्हणाला, "गाडी घेतल्यापासून बारा वर्षं काही झालं नाही, आता अचानक? काका एसी लावून गाडीत झोपतात. सगळे ड्रायव्हर तेच करतात." बाबा दोन हातांच्या अंतरावर उभे होते. मग त्यांच्याकडे वळला. "काका, राग मानू नका, पण खरं काय ते सांगा."

बाबा म्हणाले, "नाय."

जॉबकार्डावर 'बिघाडाचे कारण' अशी ओळ असते. आम्ही कधी भरत नाही. अमेयने तिच्यावर बोट ठेवलं. "हे लिहून पाहिजे. निष्काळजीपणा असेल तर आम्हाला काकांचा विचार करावा लागेल. आई त्यांना काही बोलणार नाही, मलाच करावं लागणार." गाडी होईपर्यंत काकांनी घरीच थांबावं, असंही.

संध्याकाळी घरी, लालबागला. आई म्हणाली, "कारण तूच लिवतलंस मां? मग झाला तर." जणू निकाल लागला.

म्हटलं, आधी कारण सापडू दे.

५ नोव्हें.

कॉ. उतरवला. तेल काळं, त्यात धातूची चमक. म्हणजे आतून घासून गेला आणि चुरा पुढे लाइनीत गेला. क्लचची प्लेट निळी पडलेली. निळी म्हणजे उष्णता. खूप वेळ खूप गरम झाला आहे.

शेठ म्हणाले, "कारण लिहितोयस की कादंबरी? 'गाडी जुनी' लिही नि मोकळा हो. सगळ्यांचं भलं."

जुना होऊन मरणारा कॉ. असा मरत नाही. आधी गळतो, कुरकुरतो, महिनोन्‌महिने सांगत राहतो. हा भाजून मेला. गाडी नुसती उभी करून तासन्‌तास एसी चालवला तरी असा मरू शकतो. हे मी शेठना बोललो नाही. कुणालाच नाही. इथे लिहितो आहे.

७ नोव्हें.

नवा कॉ. बसवला. लाइनी आणि कंडेन्सर दोनदा फ्लश केले, ड्रायर बदलला, व्हॅक्यूमला पाऊण तास. गॅस भरला. जाळीतून थंड हवा. शेठ म्हणाले, झाली, फोन कर.

फोन केला नाही. म्हटलं, सकाळी एकदा उभी ठेवून बघतो. शेठ म्हणाले, "तुझ्या बापाची गाडी आहे ना, बघ." मग स्वतःच गेजचा डबा आणून ठेवला.

८ नोव्हें., शनिवार

सकाळी साडेनऊपासून गाडी उन्हात उभी, इंजिन चालू, एसी फुल्ल. प्रेशरचे गेज लावून समोर बसलो. दहा मिनिटं लाल काटा जागेवर. पंधराव्या मिनिटाला हलला. पंचविसाव्याला तीनशेच्या वर. प्रेशर वाढलं की स्विचने कॉ. बंद करायला हवा. तो स्विच कुणीतरी मागे कधीतरी वायर पिळून बायपास केलेला. इंजिन बंद केलं.

या गाडीत एसीचा गॅस थंड करणारा पंखा कंडेन्सरच्या पुढे, ग्रिलच्या लगेच मागे. काल पंखा फिरताना पाहिला होता मी. थंड असताना फिरतो. तापला की मंदावतो आणि थांबतो. ग्रिल काढलं. पंख्याच्या दांड्यावर तंगूस गुंडाळलेली. मासे पकडायची नायलॉनची दोरी, काचेसारखी, दिसतसुद्धा नाही. वीस-पंचवीस वेढे. मधे झेंडूचं एक वाळकं देठ.

टोकाला गाठ होती. दुहेरी, वर आणखी एक वेढा. माझी गाठ. अशी दुसरं कोणी मारत नाही.

मागच्या वर्षी गाडीला घातलेला दसऱ्याचा हार सुती दोऱ्यात होता. परळच्या पुलावर तुटून चाकाखाली गेला. बाबांनी मनाला लावून घेतलं. चार महिन्यांनी दातारसाहेबांना हार्टचं निघालं, तेही त्यांनी त्या हारालाच जोडलं. म्हणून यंदा फुलं मी तंगुशीत ओवली आणि ग्रिलच्या जाळीला घट्ट बांधली. टोकं लांब ठेवली, म्हणजे सैल झाला तर बाबांना ओढून घेता येईल. हार वाळला तरी बाबा कापत नाहीत. आपणहून सुटेल तेव्हा समुद्रात सोडायचा. फुलं झडून गेली, दोरी राहिली. तिने आतली वाट धरली.

इतकी काळजी घेतली नसती तर हार दुसऱ्या दिवशी पडला असता आणि गाडी चालू राहिली असती.

संध्याकाळी बाबांना सांगितलं. दोरी दाखवली. वाटलं होतं, सुटल्यासारखं वाटेल त्यांना. खूप वेळ दोरी बोटाला गुंडाळत बसले. मग म्हणाले, "देवाचो हार. ह्या असा लिवतलंस?"

"मग काय लिहू? तुम्ही झोपला नव्हता, हे सिद्ध होतंय ना."

तेव्हा म्हणाले, "झोपूक नाय मी. पण एसी लावलेलो."

दिवाळीनंतर दोन वेळा. साहेबांना तपासणीला परळला नेलं होतं, दोन-दोन तास. सावली नव्हती. "उकाड्यान जीव जाय होतो. डोळे मिटले आसतीत, माका म्हायत नाय."

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "एकोणीस वर्सांत दोन दिस. काय गुन्हो झालो?"

नुसत्या दोरीने कदाचित कॉ. मेला नसता, गाडी पळताना वारा लागतोच. नुसत्या उभ्या एसीने तर मेलाच नसता. दोन्ही लागले. अर्धं माझं, अर्धं त्यांचं. स्विचचं धरलं तर तीन भाग.

९ नोव्हें., रविवार

तीन मसुदे लिहिले. पहिल्यात 'गाडी जुनी'. फाडला. दुसऱ्यात सगळं. तो चार वेळा वाचला, मग फाडला. तिसऱ्यात दोरी, स्विच आणि माझं नाव. एक वाक्य कमी.

बाबांनी युनिफॉर्मला इस्त्री केली. उद्या गाडी जाणार म्हणून. त्यांना कोणी बोलावलेलं नाही.

१० नोव्हें.

पंखा नवा, स्विच पूर्ववत जोडला. ओळ पुरली नाही म्हणून कार्डाच्या मागे लिहिलं: 'दसऱ्याच्या हाराची नायलॉन दोरी पंख्यात अडकल्याने पंखा तापल्यावर थांबत होता. प्रेशर स्विच पूर्वीच बायपास केलेला आढळला. त्यामुळे कॉम्प्रेसर अतितापून जाम झाला. हार मी स्वतः बांधला होता.' खाली सही.

शेठनी वाचलं. "येडा आहेस काय रे? स्वतःच्या हाताने?" पण कार्ड बदललं नाही.

अमेय स्वतः गाडी न्यायला आला. कार्ड उभ्याउभ्या वाचलं, मोबाइलवर फोटो काढला. "हार?" म्हणाला आणि हसला. गाडीत बसला, एसी लावला, काच वर केली. काकांचं काय, ते विचारायला मी खिडकीपाशी गेलो होतो. काचेतून अंगठा दाखवला. थंड होतंय, अशा अर्थी.

१३ नोव्हें.

तीन दिवस झाले. बाबा सातला युनिफॉर्म घालून खुर्चीत बसतात, मोबाइल मांडीवर. अकराला युनिफॉर्म काढून हँगरला लावतात. शेजारच्यांनी विचारलं तर आई सांगते, साहेब गावाक गेले हत.

१५ नोव्हें., शनिवार

साडेआठला मोबाइल वाजला. माझा. अमेयच्या आईचा, दातारबाईंचा मेसेज. नववीत माझी शाळा सुटली तरी त्यांनी दोन वर्षं मला पडवीत बसवून शुद्धलेखन घातलं होतं. आता डोळ्यांमुळे फारसं लिहीत नाहीत.

'अमेयने कार्ड दाखवलं. अक्षर अजून तसंच आहे, बरं वाटलं. दुसरा कोणी असता तर स्वतःचं नाव लिहिलं नसतं. म्हणून तुलाच विचारते. सोमवारी ह्यांना तपासणीला न्यायचं आहे, काकांना बोलवावं असं माझ्या मनात आहे. अमेय नको म्हणतो. काकांनी कधी गाडी उभी करून एसी चालू ठेवला होता का? तू हो म्हण किंवा नाही म्हण, मी त्यावर जाईन.'

'नाही' टाइप केलं. पुसलं. 'हो, पण' टाइप केलं. पुसलं.

बाबा समोर, युनिफॉर्ममध्ये. "कोणाचो?"

"गॅरेजचा."

मेसेजखाली दोन निळ्या खुणा उमटल्या असतील. मी वाचलं, हे बाईंना दिसत असेल. नऊ वाजून दहा.