भिंतीकडे तोंड

थॉर्नकोट हवेली, ऑक्टोबर १९१७

प्रिय आई,

मी बरी आहे, पोटभर जेवते. बाबांचा खोकला कमी झाला का?

हवेली आता तुला ओळखू यायची नाही. नाचाच्या दालनात जखमी सैनिकांच्या चाळीस खाटा आहेत, आणि बाईसाहेब स्वतः बँडेजं गुंडाळत बसतात. स्वयंपाकीणबाई म्हणते, “लॉर्डसाहेबांच्या खापरपणजोबांच्या तसबिरीखाली आता खाणीतली पोरं घोरतात बघ!”

काल दुपारी माझ्याकडून चूक झाली. जिन्यात स्ट्रेचर समोर आलं आणि मी झटकन भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. मालक मंडळी जाताना आम्हा मोलकरणींना तसंच उभं राहावं लागायचं ना, बाराव्या वर्षापासूनची सवय.

मागून आवाज आला, “एवढा भयानक दिसतो का गं मी?”

मी वळले. स्ट्रेचरवरच्या सैनिकाचा निम्मा चेहरा भाजलेला होता.

“नाही रे, मी इथली मोलकरीण. लॉर्डसाहेब आले की आम्ही असंच करायचं, तीच खोड!”

“म्हणजे मी लॉर्ड झालो म्हणायचं,” तो म्हणाला. हसताना त्याला दुखलं.

तेव्हापासून मी प्रत्येकाच्या तोंडाकडे बघते.

आपल्या सायलसदादाचं आघाडीवरून पत्र आलं का गं? सहा आठवडे झाले. टपालाला उशीर होतोच म्हणा. मिळालं असेल तर लगेच कळव, दोनच ओळी पुरेत.

उद्या आघाडीवरून आणखी तीस जखमी येणार आहेत. मेट्रनबाईंनी मला जिन्यापाशीच उभं राहायला सांगितलंय.

आई, आता तसा कुणाचा हुकूम नाही, तरी उद्या मला भिंतीकडेच तोंड करावंसं वाटतंय.

तुझी लेक,
हेस्टर